मस्कतची बारा वर्षं आणि घराचं कर्ज

मैत्रिणींनो, तुमच्या आळीत नाहीतर नात्यात एखादं तरी असं घर असेलच, की जिथला कर्ता पुरुष 'तिकडे' आहे. आम्हा कोकणातल्या लोकांचं 'तिकडे' म्हणजे पूर्वी मुंबई असायची. पुढे त्यात दुबई, मस्कत, कुवेत, दोहा ही नावं येऊन बसली. तिकडून येणारा पैसा सगळ्यांना दिसतो. नणंदेचं लग्न त्यातून होतं, गावच्या घरावर नवीन कौलं चढतात, सासऱ्यांचं ऑपरेशन होतं. आणि मग एक दिवस तो माणूस कायमचा परत येतो. आपण म्हणतो, आता स्वतःचं घर घेऊ या. थोडे आपले पैसे घालू, थोडं बँकेचं कर्ज काढू. इतकी वर्षं कमावलंय, बँक काय नाही म्हणणार आहे?

आमचे हे बारा वर्षं मस्कतला होते. २०११ साली गेले, ऑक्टोबर २०२३ मध्ये परत आले. तिथे वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करत. परत आल्यावर इथे लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत त्यांना तसंच काम मिळालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आम्ही दोघं चिपळुणातल्या एका बँकेत घरकर्जाची चौकशी करायला गेलो. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझ्या पिशवीत पासबुकं, पासपोर्ट आणि तीन महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या होत्या.

साहेबांनी सगळं चाळलं आणि विचारलं, "इथलं उत्पन्न किती वर्षांचं आहे?"

"बारा वर्षं मस्कतला होतो साहेब."

"ते झालं. इथलं?"

"तीन महिने."

"आयकराचं विवरणपत्र भरता?"

"तिकडे पगारावर कर नव्हता. इथे भरायचा प्रश्नच नव्हता."

"बरं, यापूर्वी कधी कर्ज घेतलंय?"

ह्या प्रश्नावर मात्र हे ताठ बसले. "एका पैशाचंही नाही!" म्हणाले. साहेब मंद हसले. "हीच तर अडचण आहे. सहा-आठ महिन्यांनी या."

जिना उतरताना हे एवढंच बोलले, "मग बारा वर्षं केलं ते काय होतं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात आमचे पुढचे नऊ महिने गेले. त्यातून जे शिकले ते तुमच्यासाठी लिहिते आहे. विशेषतः ज्यांचे यजमान अजून तिकडे आहेत त्यांच्यासाठी. कारण यातली निम्मीअधिक कामं ते तिकडे असतानाच, आपण इथे बसून करायची असतात. ती मी केली नव्हती.

बँक मागे बघत नाही

पहिली गोष्ट लक्षात घ्या. आपण बँकेत जातो ते गेल्या बारा वर्षांचा घाम घेऊन, आणि बँकेला हवा असतो पुढच्या पंधरा वर्षांचा पगार. हप्ते पुढच्या कमाईतून जायचे असतात, मागच्या नव्हे. मागची कमाई कितीही असली तरी तिचा उपयोग दोनच ठिकाणी होतो: घराच्या किमतीतला आपला वाटा भरायला, आणि हा माणूस टिकून काम करणारा आहे हे दाखवायला.

नोकरी करणाऱ्याकडे बँक साधारणपणे अलीकडच्या पगारचिठ्ठ्या, पगार जमा होणाऱ्या खात्याचा उतारा, फॉर्म सोळा आणि नोकरी कायम झाल्याचं पत्र मागते. स्वतःचा धंदा असेल तर दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं लागतात. आता आखातातून आलेल्या माणसाची गंमत बघा. तिथे पगारावर आयकर नाही, म्हणून तिथलं विवरणपत्र नाही. परदेशात मिळवलेल्या पगारावर अनिवासी भारतीयाला इथे कर नाही, म्हणून इथलंही नाही. म्हणजे कमाई खरी, पण तिचा कागद दोन्ही देशांत नाही!

तेव्हा पहिला धडा: इथे दुसरं काही करपात्र उत्पन्न नसलं, सक्ती नसली, तरी विवरणपत्र भरता येतं. यजमान तिकडे असतानाच दरवर्षी ते भरून ठेवावं. परत यायच्या बेतात असतील तर आल्यावर पहिल्या वर्षीच भरावं. आम्ही जुलै २०२४ मध्ये ह्यांचं पहिलं विवरणपत्र भरलं. तेव्हा ह्यांचं वय पंचेचाळीस होतं!

दुसरा धडा कागदांचा. तिकडचा सेवेचा दाखला, नेमणुकीचं पत्र, शेवटच्या सहा-आठ महिन्यांच्या पगारचिठ्ठ्या, सेवासमाप्तीच्या हिशेबाचा कागद आणि तिथल्या बँकेच्या खात्याचे उतारे हे सगळं निघण्यापूर्वी हातात घ्यायला सांगा. खातं एकदा बंद झालं, की समुद्रापलीकडून उतारा मागवणं म्हणजे चार महिन्यांची पत्रापत्री. हे मी अनुभवाने सांगते. त्यालाही कारण आहे.

पुराने नेलं ते आणि दिलं ते

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा महापूर तुम्हांला आठवत असेल. आम्ही तेव्हा बाजारपेठेजवळ तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. रात्रीपासून पाणी वाढत होतं. सासूबाईंना आणि मुलाला घेऊन मी वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात गेले, ते दोन रात्री तिथेच. पाणी ओसरल्यावर खाली आलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता. ट्रंकेत ठेवलेली ह्यांची पहिल्या दहा वर्षांची पत्रं, करार, पासबुकं यांचा लगदा झाला होता. आणि आमचा जुना फ्रीज पाण्याने उचलून मोरीच्या दारात आडवा आणून टाकला होता.

करोनामुळे तेव्हा ह्यांचा पगारही तटलेला होता. आणखी पैसे मागायला माझा जीव होईना. मी एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. महिन्याला नऊ हजार, तेही वर्षाचे दहा महिने. त्या भरवशावर दुकानातून बावीस हजार आठशेचा फ्रीज हप्त्यांवर घेतला. एकोणीसशेचे बारा हप्ते, माझ्या नावावर, माझ्या खात्यातून. फोनवर हे चिडले. "माझ्या घरात कर्ज? मला सांगायचं होतंस!" सासूबाईही म्हणाल्या, "ना कुणाचं देणं, ना कुणाचं घेणं, ही आपल्या घराची पत होती."

मी गप्प राहिले आणि दर महिन्याच्या पाच तारखेला हप्ता भरत गेले. एकही चुकवला नाही. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी हुश्श केलं आणि विसरून गेले.

पत म्हणजे काय?

आता बँकेची 'पत' बघा. ती सासूबाईंच्या पतीच्या अगदी उलटी असते. ज्याने कधी कर्ज घेतलं नाही, त्याची बँकेच्या लेखी पत चांगली नसते आणि वाईटही नसते. ती नसतेच!

आपण कुठून, किती कर्ज घेतलं आणि वेळेवर फेडलं का, याची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आपल्या देशात आहेत: सिबिल, एक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्या आपल्याला ३०० ते ९०० पर्यंत गुण देतात. साधारण ७५० च्या वर गुण असले की बँकेचा चेहरा खुलतो. ज्याची काहीच नोंद नाही त्याच्या नावापुढे सिबिलच्या अहवालात उणे एक येतो. ह्यांच्यापुढे तेच आलं. मस्कतमध्ये सहकाऱ्यांबरोबर खोलीचं भाडं बारा वर्षं वेळेवर दिलं, याची नोंद इथे कोण ठेवणार?

ऑगस्टमध्ये दुसऱ्या बँकेत गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी सहज विचारलं, "तुम्ही सहकर्जदार होणार ना? तुमचा पॅन द्या." मी संकोचून दिला. नऊ हजारांच्या पगाराचं काय घेऊन बसायचं! त्यांनी पडद्यावर बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, तुमचे तर ७६८ आहेत. एक कर्ज होतं, बारा हप्ते, सगळे वेळेवर."

मला क्षणभर कळेचना. मग लक्षात आलं: फ्रीज!

दुसरीही एक गोष्ट उपयोगी पडली. शाळा माझ्या मानधनातून दहा टक्के कर कापायची, म्हणजे वर्षाला नऊ हजार. ते परत मिळावेत म्हणून एका सहशिक्षिकेच्या सांगण्यावरून मी पाच वर्षं विवरणपत्र भरत होते. पै-पैच्या काटकसरीसाठी केलेलं काम, पण घरात सलग पाच वर्षांची विवरणपत्रं माझ्याच नावावर निघाली. घरी येताना हे म्हणाले, "मी बारा वर्षं पैसे पाठवले, आणि बँकेला तू माहीत आहेस!" आता त्या बोलण्यात राग नव्हता.

यानंतर एक चांगली गोष्ट झाली, तीही सांगते. केवळ पूर्वीच्या कर्जाची नोंद नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेने ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितलं आहे. तेव्हा आज कुणी तुम्हांला हे कारण दिलं तर नम्रपणे या निर्देशाची आठवण करून द्या. अर्थात उत्पन्न, नोकरी, जागेचे कागद यांची तपासणी बँक करणारच. स्वतःचा अहवालही एकदा बघा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. नावाची, पॅनची किंवा दुसऱ्याच कुणाच्या थकलेल्या कर्जाची चूक त्यात असेल तर अर्जाआधीच दुरुस्त करून घेता येते.

खात्यांची नावं बदला

तिकडे असताना यजमानांचं इथे एनआरई नाहीतर एनआरओ खातं असतं. कायमचं परत आल्यावर ते तसंच चालू ठेवायचं नसतं. बँकेला लगेच कळवून ते साधं निवासी खातं करून घ्यावं लागतं. परकीय चलन तसंच राखायचं असेल तर आरएफसी नावाचं खातं असतं, त्यात ते ठेवता येतं. एफसीएनआर ठेव मात्र ठरलेल्या दराने मुदत संपेपर्यंत राहू शकते. आम्ही चार महिने काहीच कळवलं नव्हतं. अज्ञान, दुसरं काय! कर्जाच्या अर्जाच्या वेळी ते निघालं आणि आधी ती धावपळ करावी लागली.

जुन्या एनआरई खात्याचे उतारे मात्र जपून ठेवा. घराच्या किमतीतला आपला वाटा कुठून आला हे बँक विचारते. परदेशातून महिन्यामागून महिना आलेली रक्कम त्या उताऱ्यात स्वच्छ दिसते. पुरात गेलेल्या कागदांचं काम शेवटी ह्या उताऱ्यांनीच भागवलं.

जागा कुठली?

आमचा पहिला विचार गावच्या जमिनीवर घर बांधायचा होता. जमीन आहे, मग विकत कशाला घ्या? पण सातबाऱ्यावर सात नावं. त्यातले दोघे वारलेले, त्यांच्या वारसांची नोंद झालेली नाही. एक चुलत दीर मुंबईला, एक आत्या सुरतला. बँक घर तारण ठेवून घेते, म्हणून मालकी निर्विवाद हवी आणि जमीन बिगरशेती झालेली हवी. वाटण्या होईपर्यंत थांबायचं तर मुलगा लग्नाचा होईल! तुमच्याकडेही असा सातबारा असेल तर वारसनोंदी आजच करायला घ्या. कर्ज काढा अगर न काढा.

म्हणून फ्लॅट बघायचं ठरवलं. नवीन इमारत असेल तर महारेराच्या संकेतस्थळावर तिचा नोंदणी क्रमांक घालून पाहा. चटई क्षेत्र किती, परवानग्या कुठल्या, काम केव्हा पुरं करणार, कोर्टकज्जे आहेत का, ते सगळं तिथे असतं. विक्रीचा करार नोंदवण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला मागता येत नाही, हा कायदा आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर घेतलं तर त्यावर जीएसटी लागत नाही. आणि आमच्यासारख्या नदीकाठच्या गावात आणखी एक गोष्ट पाहा: पूररेषेचा नकाशा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. दलाल ह्या रेषा दाखवत नाहीत. नगरपालिकेत विचारावं.

आम्ही तयार घर घेतलं. तिसरा मजला, चारशे ऐंशी फूट चटई क्षेत्र, किंमत अठ्ठावीस लाख. मजला मी निवडला. कारण सांगायला नकोच.

हप्त्याचं गणित

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त नव्वद टक्के देऊ शकते. तीस ते पंचाहत्तर लाखांपर्यंत ऐंशी टक्के आणि त्यापुढे पंचाहत्तर टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सहसा त्यात धरत नाहीत, तो आपल्या गाठीचा लागतो. पण बँक देते म्हणून घ्यायचं नसतं. बारा वर्षांत सगळं भागवून आमच्याकडे सोळा लाख उरले होते. त्यातले आठ घरात घातले आणि वीस लाखांचं कर्ज काढलं. मुद्रांक, नोंदणी, वकील, थोडं सुतारकाम यांत साडेतीन गेले. उरलेले मुदत ठेवीत आहेत, त्यांना हात लावायचा नाही असा नियम केला आहे. नोकरी गेली तर निदान वर्षभराचे हप्ते जातील एवढं बाजूला हवं. परदेशातून परत आलेल्या माणसाची इथली नोकरी नवी असते, हे विसरू नका.

आता मुदत. हिशेबाच्या सोयीसाठी साडेआठ टक्के व्याज धरू. वीस लाखांच्या कर्जाला:

दहा वर्षं: हप्ता सुमारे २४,८०० रुपये, एकूण व्याज सुमारे ९ लाख ७६ हजार.

पंधरा वर्षं: हप्ता सुमारे १९,७०० रुपये, एकूण व्याज सुमारे १५ लाख ४५ हजार.

वीस वर्षं: हप्ता सुमारे १७,३५० रुपये, एकूण व्याज सुमारे २१ लाख ६६ हजार.

पंधराची वीस वर्षं केली तर हप्ता साडेतेवीसशेनेच कमी होतो आणि व्याज सहा लाखांनी वाढतं! शिवाय नोकरदाराला निवृत्तीच्या वयापर्यंतच मुदत देतात. ह्यांना पंचेचाळीसाव्या वर्षी पंधराच वर्षं मिळाली. लवकर परत येणाऱ्याला हाच एक फायदा असतो. ह्यांचे अडतीस हजार आणि माझे नऊ मिळून सत्तेचाळीस हजार. त्यात एकोणीस हजार सातशेचा हप्ता बसला. एकट्या ह्यांच्या पगारावर बँकेने पंधरा लाखांच्या वर जायला नकार दिला होता.

व्याज बदलत्या दराचं असेल तर वैयक्तिक घरकर्ज मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या शिकवण्यांचे पैसे मी थेट मुद्दलात भरते. सही करण्याआधी बँकेकडून कर्जाच्या अटींचं एकत्रित पत्रक, ज्याला 'की फॅक्ट स्टेटमेंट' म्हणतात, ते मागून घ्या. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या वैयक्तिक कर्जांना ते देणं बंधनकारक आहे. सगळे आकार धरून खरा व्याजदर किती पडतो ते त्यात लिहिलेलं असतं. मराठीत मागितलं तर मराठीतून समजावून घेण्याचा आपला हक्क आहे. लाजू नका.

दारावर नाव कुणाचं?

महाराष्ट्रात राहतं घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. १ एप्रिल २०२१ पासून ती सुरू झाली. आमच्या बाबतीत ते अठ्ठावीस हजार होत होते. पती मालक नसला तरी सहकर्जदार होऊ शकतो, त्यामुळे कर्जालाही अडचण नव्हती. हे म्हणाले, "तुझ्याच नावावर घेऊ. अठ्ठावीस हजार वाचतात." सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या रात्री जेवल्याही नीट नाहीत.

मी बराच विचार केला. मैत्रिणींनो, ज्यांच्या घरात स्त्रीच्या नावावर काहीच नाही, त्यांनी ही सवलत जरूर घ्यावी. दुसऱ्यांच्या संसारात आयुष्य काढून हाती काहीच न उरलेल्या बायका आपण पाहिलेल्या आहेत. पण आमच्या बाबतीत मला वाटलं, हा माणूस बारा वर्षं सहाजणांच्या खोलीत एका खाटेवर राहिला. त्याचं नाव कंपनीच्या बिल्ल्याशिवाय कुठेच नव्हतं. त्याचं नाव दारावर हवं. आणि माझंही हवं. आम्ही दोघांच्या नावावर घेतलं आणि अठ्ठावीस हजार सोडून दिले. तुम्ही आपापल्या घराचा विचार करून ठरवा. फक्त एवढं करा: ठरवताना तुम्ही तिथे बसलेल्या असा.

यजमान तिकडेच असतील तर

त्यांना तिकडे असतानाही इथे घरकर्ज मिळू शकतं. राहतं घर अनिवासी भारतीयाला घेता येतं, शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. इथले व्यवहार तुम्हांला करायचे असतील तर मुखत्यारपत्र लागतं. ते त्यांनी तिथल्या भारतीय वकिलातीत सही करून पाठवावं आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यावा. पुढे ते परत आले, की कर्ज देणाऱ्या बँकेला ते कळवावं.

आणि तुम्ही स्वतः चार गोष्टी आजच करा. स्वतःचं पॅन आणि स्वतःचं खातं असू द्या. शिकवण्या, शिवणकाम, डबे, जे काही मिळवता ते त्या खात्यातून जाऊ द्या. झेपेल एवढी एखादी वस्तू हप्त्यावर घेऊन तारखेला फेडा. आणि तिकडून आलेल्या प्रत्येक कागदाची प्रत काढून घराबाहेर कुणा विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. आमचे कागद आता माझ्या माहेरी, साताऱ्यात आहेत. तिथे वाशिष्ठी पोचत नाही.

कर्ज पुरं फिटलं, की घराचे मूळ कागद बँकेने तीस दिवसांत परत द्यायचे असतात. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. आम्हांला त्याला अजून बरीच वर्षं आहेत, पण मी तो वहीत लिहून ठेवलाय.

गेल्या गुढीपाडव्याला आम्ही नव्या घरी राहायला आलो. हमाल फ्रीज तिसऱ्या मजल्यावर चढवत होते तेव्हा हे जिन्यात उभे राहून सारखे ओरडत होते, "अरे, सांभाळून! आडवा करू नका!" सासूबाई वरून म्हणाल्या, "एवढं काय आहे त्या फ्रीजमध्ये?"

"आई, घराची पत आहे ती," हे म्हणाले.